शनिवारचं लोखंड

मालकांची पिकअप गाडी येतीय ते मला फाट्यावरनंच कळायचं. खालून खडखड खडखड. लेकरू दचकून उठायचं अन मी त्याला घेऊन दारात धावायची. कावून, तर हीच गाडी आधी मोठे भावजी चालवायचे, माझे थोरले दीर. तवा बी असाच आवाज यायचा. कापूस उंच भरल्याला, वळणावर गाडी कलली अन आडवीच झाली. भावजी तिथंच गेले. गाडी नीट करून आणली, वर्षभर गप चालली, अन पुन्हा तोच आवाज.

मिस्त्री घरीच आला. गाडीखाली शिरला अन तिथनंच म्हनला, "वहिनी, वळणावर गाडी कलू नये म्हनून ही आडवी दांडी असती. तिला धरनाऱ्या ह्या दोन लिंका पार ढिल्या झाल्यात. रबराचे बुश तर खजुरावानी." मग मालकांना, "ह्याच्यावर कापूस भरतू व्हय बे? बायको जड झाली का तुला?"

मालक हसले. "रबर आज आनतो, लिंका उद्या. आज शनिवार हाय, माय लोखंड घेऊ देत न्हाई. तवर तलवाड्याची एक खेप मारून येतो."

मी लेकरू उचलून पुढं झाले. मी म्हनले, नका जाऊ, आवो नका ना जाऊ, ह्या लेकराकडं तर बघा.

"तू गप गं. एक खेप तर हाय."

आत्याबाई, माझ्या सासूबाई, ओसरीवर तूर निवडत व्हत्या. सूप ठिवून उठल्या, चाकापाशी आल्या.

"दोनी लिंका आन. आत्ताच."

"माय, शनिवार हाय."

"त्या दिवशी बी शनिवारच व्हता," आत्याबाई म्हनल्या. "लिंका घ्याया निघाला व्हता थोरला. मीच म्हनले, लोखंड उद्या आन."

वर्षभर ही बाई हे एकटीच गिळून बसली व्हती. मालकांनी खाली मान घालून फटफटीला किक मारली.

लिंका आल्या, दोनी बाजूनं बसल्या, नवे बुश बसले. मिस्त्र्यानं जॅक खाली घेतला, गाडी जमिनीवर टेकवली, मग नट आवळले. आत्याबाई तवर तिथंच, मातीत बसून.

आता गाडी गप येती. लेकरू उठत न्हाई. दिवेलागनीला आत्याबाई ओसरीवर बसत्यात, फाट्याकडं, त्या खडखडीला कान लावून. मी म्हनते, "आत्याबाई, आले की हे. गाडी दारात उभी हाय."

"व्हय का? आवाज न्हाई आला."

अन फाट्याकडंच बघत बसत्यात.