कोचच्या विरोधातलं माझं मत

मुलीच्या युनिव्हर्सिटीची बास्केटबॉल टीम त्या हिवाळ्यात लागोपाठ नऊ सामने हरली, आणि नऊच्या नऊ मी लाकडी बाकावर बसून पाहिले. गाव जर्मनीतलं, डॅन्यूबकाठचं, मी तिथे कारच्या कारखान्यात इंजिनिअर. लेक दुसऱ्या वर्षाला होती आणि मुलींच्या टीममध्ये होती. बास्केटबॉलमधलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण डोळे होते ना मला.

कोच सत्तरीचे. त्यांचं एकच तंत्र, झोन. म्हणजे प्रत्येकीने मैदानाचा आपापला तुकडा राखायचा, समोरच्या पोरीच्या मागे धावायचं नाही. पलीकडच्या टीमला हे पाच मिनिटांत कळायचं. त्या लांब उभ्या राहून निवांत तीन-तीन पॉइंट टाकायच्या आणि आमच्या पोरी बुजगावण्यासारख्या जागेवर उभ्या. टाइम-आउट कधी, तर वीस पॉइंटनी मागे पडल्यावर. माझी लेक कायम बेंचवर, कारण ती झोन सोडून बॉलमागे पळते. अरे बाबा, पळते म्हणून तर बॉल हाताला लागतो तिच्या.

मी बाकावरून मराठीत ओरडायचो. ‘‘अहो, टाइम-आउट घ्या की, मुहूर्त बघताय का?’’ मराठीत तोंडसुख घेण्यात एक सोय होती, कुणाला काही कळायचं नाही. फक्त लेकीला कळायचं. ती मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसायची. शेजारचे जर्मन आईबापही वैतागलेले असायचे, पण ते नुसते सुस्कारे टाकायचे.

मार्चमध्ये टीमच्या फेराइनची, म्हणजे मंडळाची, वार्षिक सभा होती. पुढच्या वर्षीचा कोच तिथे हात वर करून ठरतो, आणि सभासद म्हणून मलाही मत होतं. आदल्या आठवड्यात लेक स्वयंपाकघरात आली आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्येच म्हणाली, ‘‘बाबा, तू बोल. आम्ही बोललो की म्हणतात, बेंचवर बसवलं म्हणून रडतायत. एकाने सुरुवात केली की बाकीचे करतील हात वर.’’ मग थांबून म्हणाली, ‘‘हेच राहिले तर मी खेळणं सोडणार.’’ दहा वर्षांची असल्यापासून खेळत होती ती. या देशात आम्ही न ढकलता ती स्वतःहून जिथे गेली, अशी ती एकच जागा. मी म्हटलं, बघतोच मी.

आता आमची पद्धत सांगतो. मी ज्या वस्तीत वाढलो, तिथल्या विहाराच्या कमिटीवर माझे वडील होते. मोठ्या माणसाला पदावरून उतरवायचं तर ते चारचौघांत नाही. आदल्या दिवशी त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, गोष्ट हळूच कानावर घालायची. माणूस शहाणा असतो, दुसऱ्या दिवशी सभेत स्वतःच म्हणतो, आता तरुणांनी बघावं. मग ठराव सर्वानुमते, हार, टाळ्या, आणि कुणाचा पाणउतारा नाही.

मी तेच केलं. सभेच्या आदल्या दुपारी बायकोने केलेले बेसनाचे लाडू घेऊन कोचच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी केली. मी जमेल तितक्या गोड जर्मनमध्ये सगळं सांगितलं. झोनचं सांगितलं, टाइम-आउटचं सांगितलं, पोरी कंटाळल्यात, तुम्ही इतकी वर्षं केलंत, आता जरा आराम करा. ते मान डोलावत राहिले. ‘‘जा, जा. गेनाऊ.’’ म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. दोन लाडू खाल्ले. घरी येऊन मी लेकीला सांगितलं, काम झालं, निर्धास्त राहा.

दुसऱ्या दिवशी सभेत अध्यक्षांनी विचारलं, कोच म्हणून कोण उभं राहतंय? म्हातारा उठला आणि म्हणाला, मी आहेच. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

‘‘कुणाचा विरोध?’’

लेक पुढच्या रांगेतून मागे वळून माझ्याकडे बघत होती. काल ज्याच्या घरची कॉफी प्यायलो, त्याच्या तोंडावर आज हात वर करायचा? सगळं त्याच्या कानावर घालून झाल्यावर? मला स्वतःचा भयंकर राग येत होता आणि हात काही मांडीवरून उठत नव्हता. बाकीचेही टेबलाकडे बघत बसले. ‘‘कुणी तटस्थ?’’ कुणी नाही. एकमताने मंजूर. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

बसमध्ये मी तिला समजावू लागलो की मी त्यांना सांगितलं होतं, अगदी घरी जाऊन. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘इथे सभेत बोललं नाही तर ते कुणी बोललंच नाही असं धरतात, बाबा.’’ त्या आठवड्यात तिने जर्सी धुऊन, इस्त्री करून परत दिली. आम्ही दोघांनी बरंच समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

हंगामातला एक सामना उरला होता. मी गेलो. का गेलो, सांगता येणार नाही. टीम हरली. शेवटी कोच बाकाशी आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, ‘‘तुम्ही तोंडावर स्पष्ट बोललात आणि तरी सभेत माझ्या बाजूने राहिलात. असे पालक मला मिळाले नव्हते.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘पण तुमची मुलगी का सोडून गेली? माझं काही चुकलं का?’’

आता तरी बोलायचं होतं. समोर सभा नव्हती, कुणी नव्हतं, आणि माणूस स्वतः विचारत होता.

‘‘नाही, नाही,’’ मी म्हणालो. ‘‘अभ्यास फार आहे तिला.’’