काकांच्या तोंडावरचं मुसकं

माझे वडील पत्रकं वाटत. धरणाच्या पाण्याची, हुंड्याविरुद्धची, दारूबंदीची. उरलेल्या पत्रकांतली अक्षरं जुळवत मी वाचायला शिकले. भर सभेत पुढाऱ्याला अडवणारा हा माणूस लोकांच्या हसण्याला मात्र भ्यायचा.

ते फार घोरत. पिंपळवंडीच्या आमच्या ओसरीवर दुपारी ते झोपले की धाकटे काका चारचौघांत नक्कल करत. "दादांचा ट्रॅक्टर निघाला राव!" मधेच घोरणं थांबे. छाती हले, पण श्वास येत नसे. मग वडील गुदमरून दचकत. काका म्हणत, "डिझेल संपलं व्हतं."

मी कॉलेजात असताना पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं. झोपेत श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो, दर वेळी हृदयावर ताण येतो. रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, त्यामागे हेही आहे. ठोके चुकायला लागलेत. उपचार टाळू नका. त्यांनी दाबाने हवा सोडणारं मशीन आणि नाकावर लावायचा मास्क दिला.

वडील सकाळी ताजेतवाने उठू लागले. मग एकदा काकांनी पाहिलं. "आरं, दादांना बैलावानी मुसकं बांधलं की! मळणीला जुपायचं का?"

वडीलही हसले. संध्याकाळी मशीन माळ्यावर गेलं. मी भांडले. ते एवढंच म्हणाले, "लोक हसत्यात गं."

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ते झोपले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

दशक्रियेला येडगावजवळ नदीकाठी मंडप, माइक, श्रद्धांजलीची भाषणं. काका उभे राहिले. "पुण्यवान माणूस. झोपेत गेला. काय तरास न्हाई."

मी माइक हिसकावला. ट्रॅक्टर, डिझेल, मुसकं, सगळं सांगितलं. "त्रास रोज होता. त्यावरचा उपचार ह्यांच्या हसण्यानं बंद पडला."

महिन्याभरानं काकू मागच्या दारानं आल्या. "तुज्या काकांचा पण श्वास अडकतो गं. ते मशीन देती का?"

"ते उसनं चालत नाही, काकू. दाब डॉक्टर ठरवतात. पुण्याला न्या. आणि त्यांना सांगा, दुपारी ओसरीवरच लावून झोपायचं. नाहीतर त्यांच्या दशक्रियेलाही माइक मीच घेईन."

त्यांचं मशीन आलं. आता गावी गेले की दुपारी मी त्यांच्या ओसरीसमोर थांबते. नक्कल करत नाही, नुसती बघते. काका डोळे मिटून घेतात.

त्यांनी मरावं असं मला मुळीच वाटत नाही. खूप वर्षं जगावं त्यांनी, रोज ते मुसकं घालून.