कोपराला मन नसतं

माझ्या गाडीत बसल्याबसल्या अविनाश नेहेते आधी एका अमेरिकन माणसाच्या कोपराची खुशाली सांगायचा. गुड मॉर्निंग नाही, चहा झाला का नाही, एकदम कोपर. ‘काल जरा लांबून फेकलं त्यानं. रात्री सूज नाही आली म्हणतात.’ पहिल्या दिवशी मला वाटलं, याचा कोणी मामेभाऊ-चुलतभाऊ तिकडे पडलाबिडलाय. मी आवाजात जमेल तेवढी सहानुभूती आणून विचारलं, कुठे असतात ते? तेव्हा कळलं की तो बेसबॉलमधला पिचर आहे, म्हणजे चेंडू फेकणारा, आणि नेहेतेची आणि त्याची या जन्मात भेट झालेली नाही. मी डोंबिवलीचा, क्रिकेटवर वाढलेला माणूस. सकाळी सहाला, अर्ध्या झोपेत, परक्या खेळातल्या परक्या माणसाचं कोपर मला कशाला हवं होतं? पण गाडी माझी असली तरी तोंड त्याचं होतं.

आम्ही दोघं शारजात, अल नहदाला, शेजारशेजारच्या टॉवरमध्ये राहायचो आणि नोकरीला रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कंपनीत जायचो. मी परचेसमध्ये, तो डिस्पॅचला. त्याची गाडी वर्षावहिनींना लागायची, त्या दुबईतल्या एका शाळेत गणित शिकवायच्या. म्हणून तो माझ्याबरोबर. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे उन्हाळाभर तिकडची मॅच नेमकी आमच्या रस्त्यावर सुरू व्हायची. फोन डॅशबोर्डला टेकवून तो नुसती कॉमेंटरी लावायचा. कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. धडधाकट पिचर फेकायला आला की हा खिडकीतून उंट बघत बसायचा. एखादा दुखापतीतून उठून आला की मात्र आवाज वाढवायचा आणि मला इंडिकेटरसुद्धा हळू लाव म्हणायचा.

त्यातही एक डावरा त्याचा खास. नाव पोलिश का कसलं होतं, आम्ही दोघंही ते धड घेऊ शकायचो नाही, म्हणून ‘माझा डावरा’. त्याच्या कोपरातली दोरी तुटली होती. दोरी हा नेहेतेचा शब्द. डॉक्टर मनगटाजवळची दुसरी दोरी काढतात आणि कोपरात ओवतात, बाजेचं सुंभ बदलतात ना, तसं, असं त्यानं मला समजावलं होतं. मग वर्षभर तो माणूस आधी नुसता हात हलवणार, मग जवळून फेकणार, मग लांबून, मग छोट्या गावातल्या छोट्या संघाकडून. कॉमेंटेटर म्हणायचे, जबरदस्त मनोबल आहे या मुलाचं. नेहेते भडकायचा. ‘कोपराला मन नसतं भो. दोऱ्या असतात. दोरी नीट ओवली, नीट जुळू दिली, की माणूस येतो परत. मनोबल म्हणे.’ तारखा सांगणाऱ्या पत्रकारांवर तर त्याचा फार राग. ‘तारीख हातानं सांगायची असते, कॅलेंडरनं नाही.’

जळगावकडच्या माणसाला हे वेड लागलं कुठून, असं मी एकदा टिंगलीच्या सुरात विचारलं. अमेरिकेत होतास का कधी? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी वरमलोच. अमेरिका कशाला, म्हणाला, आमच्या शाळेच्या मैदानावर बेसबॉल होता. पी.टी.च्या सरांनी शिकवलेला. हा स्वतः पिचर होता आणि विद्यापीठाकडून, मग राज्याच्या संघाकडून खेळला होता. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत चिकटायचं, हे घरात ठरून गेलेलं. एका राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी कोपर दुखायला लागलं. संघाबरोबर आलेल्या त्याच सरांनी बाम चोळला, वर गरम पट्टी बांधली आणि म्हणाले, फेक, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. सेमीफायनलला कोपरातून सुतळी तुटल्यासारखा आवाज झाला. पुढे गावात प्लास्टर, मग हाडवैद्याकडे तेलाची मालिश. हात वाकडा तो वाकडाच राहिला. गाडीत सीटबेल्ट ओढतानासुद्धा तो पूर्ण सरळ व्हायचा नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

त्या सरांचं नाव त्यानं कधी घेतलं नाही. ‘बामवाले’ म्हणायचा. ‘मला फक्त बरोबर माणूस भेटला नाही, सामंत. या पोरांना भेटतो. तेवढाच फरक.’ हे वाक्य मी त्या रस्त्यावर इतक्यांदा ऐकलं की मीच ते पुरं करायला लागलो. त्याचं सगळं पिचरप्रेम या एका वाक्यावर उभं होतं. तिकडे एकेक पोरगा परत यायचा आणि इकडे नेहेतेचा मुद्दा सिद्ध व्हायचा. मला त्यात गंमत वाटायची, एवढीच माझी अक्कल.

त्याची मुलगी तन्वी फास्ट बोलर होती. उंची आईची, हात बापाचा, आणि शारजातल्या अकादमीत मुलांनासुद्धा तिचा बॉल नको असायचा. अमिरातीच्या मुलींच्या संघाची निवड पुढच्या हंगामात होती आणि तिचं नाव पक्कं धरलं जात होतं. बाप खानदेशीत विचारायचा, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं उत्तम चालायचं. ‘काय मग, आज कोणाच्या बरगड्या शेकू राह्यली?’ ‘नोबडीज, बाबा. दे ऑल रॅन अवे.’ मग अकरावीच्या सुरुवातीला तिची पाठ धरली. दुबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेच्या मणक्याला बारीक चीर गेली आहे, वाढत्या वयातल्या फास्ट बोलरांना होतं असं.

दुसऱ्या दिवशी नेहेते गाडीत बसला तो डावऱ्याबद्दल काही बोलला नाही. मी घाबरलो होतो, पण तो शांत होता. खरं सांगायचं तर जरा तरतरीतच दिसला. इतकी वर्षं ज्या कामाची तयारी केली ते काम समोर आलं, असा. ‘मी आहे ना,’ म्हणाला. ‘तिच्या पाठीला बाम लागणार नाही.’

आणि त्यानं केलंही तसंच. मी अनेक बाप पाहिलेत मुलांना मैदानावर पिळणारे, हा उलटा. डॉक्टर म्हणाले तीन महिने बॉल नको, यानं घरातले सगळे बॉल आणून माझ्या डिकीत टाकले. मुलगी रडली, तरी दिले नाहीत. मग पोहणं, मग पोटाचे व्यायाम, मग फिजिओ, मग जागेवरून हात फिरवणं. अकादमीचे कोच म्हणाले, एक मॅच खेळव, कॉन्फिडन्स येईल. हा म्हणाला, पाठीला कॉन्फिडन्स लागत नाही. वर्षावहिनी मात्र कातावल्या होत्या. बारावी तोंडावर आलेली आणि घरात सगळं पाठीभोवती फिरत होतं. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला असताना त्या ताट वाढता वाढता म्हणाल्या, ‘तुम्ही तुमचा हात तिच्या पाठीत बसवताय का हो?’ तो खाली मान घालून वरणबट्टी कुस्करत राहिला.

पुढच्या जूनमध्ये डावरा परत आला. रास अल खैमाच्या अलीकडे नेहेतेनं मला गाडी बाजूला घ्यायला लावली. पहिल्यासारखा वेग, पहिल्यासारखा चेंडू वळतोय, कॉमेंटेटर वेडे झालेले. नेहेते रडला. सरळ, तोंड न लपवता रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं अख्ख्या डिस्पॅचला भरीत-पुरी खाऊ घातली. इथल्या वांग्यांना चवच नाही म्हणून शिव्या देत, पण पोटभर. तिथल्या मल्याळी, पाकिस्तानी पोरांना वाटलं, साहेबांना प्रमोशन मिळालं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, ‘बघितलं? आता तन्वी. सगळं तसंच केलंय मी, एक पायरी सोडली नाही.’ आणि मीही म्हणालो, इन्शाल्ला. मनापासून म्हणालो.

स्कॅन स्वच्छ आला. हाड जुळलं होतं. ऑगस्टच्या उकाड्यात शनिवारी पहाटे आम्ही तिघं मैदानावर जायला लागलो. मी बॅट घेऊन उभा, कारण मला आउट करणं कोणालाही जमतं, आणि नेहेते माझ्यामागे ग्लोव्ह्ज घालून कीपर. पहिले काही शनिवार ती अर्ध्या रनअपने टाकत होती तोवर ठीक होतं. पूर्ण रनअप सुरू झाला आणि मला कळेना, मला बॉल दिसतोय कसा? पूर्वी तिचा एक बॉल मला दिसला असेल तर शपथ. आता मी चक्क फ्लिक मारत होतो. दुखतंय का, विचारलं की ती म्हणायची, ‘नो. आय अ‍ॅम फाइन.’ आणि ते खरं होतं. तिला काहीच दुखत नव्हतं. नुसता बॉल जात नव्हता.

निवडीला आठवडा राहिला होता त्या शनिवारी मी मागे वळून पाहिलं तर नेहेते अगदी जवळ आलेला. तिच्या बॉलला कीपर पार लांब उभा राहायचा पूर्वी. आता दर ओव्हरला तो गुपचूप एकेक पाऊल पुढे सरकत होता, बॉल आपल्यापर्यंत एका टप्प्यात पोचावा आणि तिला कळू नये म्हणून. मी बघितलेलं त्यानं बघितलं आणि मानेनेच मला पुढे बघ म्हणून खुणावलं. मला तिथे उभं राहवेना.

पण पोरीला डोळे होते. ती रनअपच्या टोकावरून म्हणाली, ‘बाबा, स्टँड बॅक. वेअर यू यूज्ड टू.’ तो मागे गेला, पूर्वीच्या जागेवर. ती धावत आली. जीव खाऊन आली, तोंडातून आवाज आला तिच्या. मी बॉल सोडून दिला. तो माझ्यामागे दोनदा टप्पे खाऊन, घरंगळत त्याच्या बुटांपाशी जाऊन थांबला.

नेहेतेनं ग्लोव्ह्ज काढले, बॉल उचलला आणि पिचवरून चालत तिच्याकडे गेला. ‘खलास, बेटा,’ म्हणाला. ‘घरी जाऊ.’

ती म्हणाली, डॉक्टर म्हणतात सगळं बरं आहे. तो म्हणाला, हो, बरं आहे. फिजिओ म्हणतो बरं आहे. हो. मग ती मराठीत बोलली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून सबंध मराठी वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

‘मग का नाही जात बॉल, बाबा?’

कुठल्या पिचरचं काय बिनसलंय हे नुसत्या कॉमेंटरीवरून सांगणारा माणूस तो. तिच्यासमोर उभा राहून बॉल या हातातून त्या हातात करत राहिला. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मी स्टंप उपटायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

निवडीला ती गेली नाही. बारावी करून पुण्याला कॉलेजला गेली, कॉम्प्युटर शिकतेय. वहिनी सांगायच्या, सुट्टीत घरी आली आणि टीव्हीवर मॅच असली तर ती उठून आत जाते. नेहेतेनं गाडीत कॉमेंटरी लावणं बंद केलं. मला ती शांतता सहन होईना, म्हणून एकदा मीच माझ्या फोनवर डावऱ्याची मॅच लावली. उत्तम टाकत होता तो. नेहेतेनं थोडा वेळ ऐकलं आणि आवाज पार बारीक केला. ‘चांगला आहे,’ म्हणाला. मी पुन्हा लावली नाही.

पुढच्या वर्षी वहिनींना अबुधाबीच्या शाळेत नोकरी लागली आणि यानंही तिकडे काम शोधलं. माझ्या गाडीतल्या त्याच्या शेवटच्या सकाळी मी काहीबाही बडबडत होतो. अबुधाबी काय लांब आहे का, दीड तासात येशील, वगैरे. फॅक्टरीच्या गेटपाशी गाडी लावली तरी तो उतरेना. मग समोर बघत म्हणाला, त्या बामवाल्या सरांचा काल फोन नंबर मिळाला त्याला, गावच्या ग्रुपवर. फार म्हातारे झालेत. इतकी वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं, एकदा फोन करायचा आणि विचारायचं, का हो माझा हात घालवलात? मी विचारलं, मग केलास का?

‘काय विचारू?’ तो म्हणाला. ‘माझ्या पोरीचं सगळं बरोबर केलं मी. सगळं. तरी नाही आली ती परत. म्हणजे तेव्हा मला बरोबर माणूस भेटला असता, तरी मीही आलो नसतो कदाचित.’ त्याचा हात दाराच्या कडीवर होता, तो वाकडाच. ‘पंचवीस वर्षं त्यांच्यावर रागावून काढली, सामंत. तो राग होता ना भो, तोवर बरं होतं.’