दुसरा नारळ

कोल्हापुरात बास्केटबॉल खेळणं म्हणजे तालमीत जाऊन पुस्तक वाचण्यासारखं आहे. कुणी अडवत नाही, पण तुम्ही नक्की काय करताय याचं कुणाला सोयरसुतकही नसतं. हे फुटबॉलचं गाव. मॅचच्या दिवशी पेठांमधली दुकानं अर्ध्या शटरवर चालतात. आमच्या मॅचला प्रेक्षक म्हणजे लायब्ररीमागच्या कट्ट्यावर डबा खाणाऱ्या पोरी, आणि त्याही डबा संपला की उठून जायच्या. मंगळवार पेठेतला माझा मावसभाऊ तर तोंडावर विचारायचा, "ते टोपलीत बॉल टाकायचं अजून चालूच हाय व्हय तुझं?"

चालूच होतं. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि मला एकच गोष्ट पाहिजे होती, विद्यापीठाच्या संघात निवड. आमचं घर कसबा बावड्याचं, थोडं शेत आणि म्हशींचा गोठा. वडिलांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, "विद्यापीठाकडनं खेळलास तर पुढं जा कुठं जायचं तिकडं, मी आडवा येणार न्हाय. न्हायतर परीक्षा झाली की गोठ्यात यायचं." माणूस शब्दाचा पक्का. दोन्हीपैकी जे होईल ते तो पाळणार, यात मला शंका नव्हती.

संघ त्या वर्षी खरंच जमून आला होता. माझा जोडीदार जयसिंगपूरचा, जैन व्यापाऱ्याचा मुलगा, संघात सगळ्यात उंच. रोज पहाटेची एसटी पकडून यायचा. त्याच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, म्हणून संध्याकाळचा सराव मध्येच थांबवून तो रेषेबाहेर बसून डबा खायचा. आम्ही त्याला शिव्या घालत थांबायचो आणि त्याच्या शेंगांच्या पोळ्या पळवायचो. मी बॉल पुढे आणायचा आणि त्यानं बोर्डाखाली हात वर करायचा, एवढंच आमचं शास्त्र. तेवढ्यावर आम्ही महिनोन् महिने जिंकत होतो. सांगलीच्या एका कॉलेजला त्यांच्याच मैदानावर हरवून येताना एसटीत इतका दंगा केला की कंडक्टरनं हातकणंगल्याला उतरवायची धमकी दिली. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते. हे मी आज राग गिळून लिहितोय.

विभागीय स्पर्धा आमच्याच कॉलेजवर होती. आम्ही फायनलला गेलो. निवड समितीची माणसं ती मॅच बघायला येणार होती आणि आमच्या सरांनी, म्हणजे खेळाच्या मास्तरांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझं नाव त्यांच्या कानावर हाय. उद्या फक्त नेहमीसारखं खेळ."

पण संस्थेचे चेअरमन पहिल्या दिवशी उद्घाटनाला येऊ शकले नव्हते, त्यांना कुठंतरी लग्न होतं. म्हणून फायनलच्या आधी पुन्हा उद्घाटन ठरलं. संपत आलेल्या स्पर्धेचं उद्घाटन! जगात दुसरीकडे कुठं होत असेल तर मला कळवा. मैदानाच्या कडेला मांडव पडला, सोफे आले. मधल्या वर्तुळात पोरींनी सकाळपासून बसून रांगोळी काढली, त्यात नारिंगी बॉलही काढला. आम्ही बूट घालून, अंग गरम करून तयार झालो, आणि मग उन्हात उभे राहून थंड झालो. चेअरमन आले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. जयसिंगपूरकरानं तेवढ्यात डबा खाऊन घेतला. सगळ्यांत शहाणा तोच निघाला.

मग नारळ. कोल्हापुरात खेळ कुठलाही असो, मैदानात नारळ फुटल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही, आणि तो फुटायचा तर मधोमधच. चेअरमननी वर्तुळात दगड मागवला आणि नारळ आपटला. नारळ नासका निघाला. आतलं पिवळट, चिकट पाणी रांगोळीवर पसरलं आणि असा वास सुटला की पहिल्या सोफ्यावरच्या बाईंनी पदर नाकाला लावला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शिपायानं घाईघाईनं खराटा मारला. म्हणजे जी रांगोळी वर्तुळापुरती होती, ती पाण्यात कालवून सिमेंटच्या अर्ध्या मैदानाला लावली.

मी सरांना म्हणालो, "सर, मध्ये वलं हाय. पुसून घेऊया की."

"आरं, वाळतंय. चेअरमन बसल्यात, आता किती येळ थांबायचं? पळा."

म्हणजे इतका वेळ आम्ही त्यांच्यासाठी थांबलो ते चाललं. फडकं फिरवायला मात्र वेळ नव्हता.

मॅच सुरू झाली. मी बॉल घेऊन पुढे आलो, समोरच्याला डावीकडे हूल दिली आणि उजवीकडे वळलो. अंग वळलं, पाय तिथंच सरकत राहिला. गुडघ्यातून आवाज आला तो मी ऐकला. मी पडलो होतो त्या ठिकाणी नासक्या खोबऱ्याचा वास येत होता, आणि तोंडासमोर रांगोळीतल्या बॉलचा नारिंगी रंग होता.

आम्ही हरलो. निवड जयसिंगपूरकराची झाली. तो चांगला खेळला होता, खोटं कशाला बोलू? तरी कितीतरी दिवस मी त्याचा फोन उचलला नाही. वडिलांनी शब्द पाळला. ऑपरेशन झालं, परीक्षा झाली आणि मी गोठ्यात आलो. गुडघा पूर्ण दुमडत नाही, त्यामुळे म्हशीखाली बसून धार काढता येत नाही. ती धाकटा भाऊ काढतो. मी उभ्यानं होणारी कामं करतो.

मधे काही वर्षं गेली. गेल्या वर्षी कॉलेजमधून फोन आला. त्याच स्पर्धा, तेच मैदान, जुन्या खेळाडूंचा सत्कार. जाणार नाही असं ठरवून मी गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, "पावणं, गाडी तिकडं लावा." आमचे सर रिटायर झाले होते. नव्या सरांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि माइक हातात घेतला.

"आपल्या मैदानाची एक परंपरा हाय," ते म्हणाले. "पूर्वी एकदा फायनलला नारळ नासका निघाला, अपशकुन झाला आणि आपण मॅच हरलो. तवापासनं आपण दोन नारळ फोडतो. एखादा खराब निघाला तर दुसरा असतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत कुणालाच पाणी आठवलं नव्हतं. घसरलेला पोरगाही आठवला नव्हता. नारळ तेवढा आठवला होता, आणि त्यातून यांनी धडा काय घेतला तर अजून एक नारळ!

पहिला प्रमुख पाहुण्यांनी फोडला. पांढराशुभ्र निघाला, पाणी वर्तुळभर पसरलं. दुसरा सरांनी माझ्या हातात दिला. "हा तुमच्या हातनं, साहेब."

दगड जमिनीवर होता. मी म्हणालो, "मला खाली बसता येत न्हाय."

"गुडघा व्हय?" सर आपुलकीनं म्हणाले. "खेळ सुटला की होतंय असं. द्या इकडं."

त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि फोडला. पाण्यात पाणी मिसळलं. रेषेवर दोन्ही संघ उभे होते. आमच्या कॉलेजचा बॉल पुढे आणणारा पोरगा, माझ्याच जागेवरचा, जागच्या जागी उड्या मारून अंग गरम ठेवत होता. मी खांद्यावरची शाल काढली, वर्तुळात टाकली आणि चांगल्या पायानं ती पुढं-मागं घासायला लागलो.

"अहो, अहो! सत्काराची शाल हाय ती!"

"व्हय. पाणी चांगलं टिपती."

कुणी हसलं नाही. सगळं वर्तुळ कोरडं होईपर्यंत मी थांबलो नाही. मग भिजून मळलेली शाल काखेत मारली आणि गाडीकडे गेलो. मागून शिट्टी ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. कॉलेज जिंकलं होतं, पोरं सगळी धड होती. "बघा," सर म्हणाले, "दुसरा नारळ लागू पडला."