कुंकवाची डिस्क

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गिअरच्या कारखान्यात कॉम्प्युटरचं बघणारी मी एकटीच. पुण्याहून आलेली, म्हणजे सगळ्यांना शहाणपण शिकवायला आलेली, असा तिथे समज होता. तो अगदीच खोटा नव्हता.

बॅकअपसाठी चार डिस्क होत्या. दर शुक्रवारी एक लावायची, चौथीनंतर पुन्हा पहिली, तिच्यावरचं जुनं पुसून. सर्व्हरवर जागा नसल्याने जुने तपासणी अहवाल फक्त या डिस्कवर असत. ते जपून ठेवावेत, असं नियमावली सांगायची. किती दिवस, ते डिस्कचा नंबर लागला की आपोआप ठरायचं. घरात डबे चारच असले की नव्या चिवड्यासाठी जुन्याला बाहेर जावंच लागतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तपासणी विभागाच्या अण्णांनी मोजमापाच्या हत्यारांशेजारी माझी एक डिस्कही मांडली. अण्णा मूळचे निपाणीचे, हात सढळ. केबल लावायच्या खाचेतही कुंकू गेलं. मी भडकले.

"अण्णा, वाट लावलीत हिची!"

"स्वल्प कुंकवानं काय होतंय हो अक्का? हे बी हत्यारच की."

ती डिस्क मी रागारागाने कपाटात टाकली आणि नवी मागवली.

संक्रांतीनंतर होसकोट्याच्या गिऱ्हाइकाने कळवलं, दसऱ्याआधीचा माल तुम्ही न तपासताच पाठवला. अण्णांची निवृत्ती तोंडावर आली होती. साहेब म्हणाले, अहवाल दाखवा, नाहीतर अण्णांनी उद्यापासून येऊ नये.

चारही डिस्कवर गेल्या महिन्याच्या मागचं काही नव्हतं. अण्णा माझ्या टेबलाशी उभे होते. "मी मोजलं होतं हो, अक्का," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग एकदम कपाट आठवलं. जुन्या टूथब्रशने मी खाचेतलं कुंकू काढलं, आणि आयुष्यात कधी नव्हे तो देवीला नवस बोलले. डिस्क सुरू झाली. अहवाल होता, एकेका मापासह, खाली अण्णांची सही. अण्णांनी आधी डिस्कला नमस्कार केला, मग डोळे पुसले. बाकीच्या चार डिस्कवर अहवाल का नव्हता, हे मला कोणी विचारलंच नाही.

आता नियमच आहे: दर आयुधपूजेला एक डिस्क कायमची कपाटात. निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी आपला कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला.

"आता तुम्हीच लावा, अक्का."

यंदा लावलं. खाचेवर आधी चिकटपट्टी मारली, एवढंच.