‘कुलपं’ आणि संजूताई

संजूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी राहुरीतल्या माझ्या दुकानात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतो. तिचा धाकटा भाऊ बोलत होता. सकाळचा चहा घेतला, जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही... त्रास झाला का, एवढंच मी विचारलं. नाही म्हणाला. मला रडू नंतर आलं. आधी हायसं वाटलं. हे लिहिताना संकोच होतो, पण दीड महिना झाला तरी तेच वाटतंय, म्हणून त्यामागची हकीकत सांगतो.

आम्ही गॉथिक मेटल वाजवतो. म्हणजे जड गिटार, संथ ठेका, अंधाराची आणि विरहाची गाणी, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा बाईचा मोकळा आवाज. राहुरीत आमच्या संगीताला ‘भुतांचं भजन’ म्हणतात. तो आवाज दहा वर्षं संजूताईचा होता. ती तिसगावची, एका शाळेत क्लार्क. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, लहानपणी तीही त्यांच्याबरोबर जायची. दिवाळीनंतर घरोघरी कुलपं लागलेलं गाव तिनं पाहिलं होतं, आणि त्यावरच तिनं ‘कुलपं’ हे गाणं लिहिलं. आमच्या पहिल्या अल्बमचं नावही तेच ठरलं. आठ गाण्यांचं वादन रेकॉर्ड झालं, फक्त तिचं गायचं राहिलं होतं. तेवढ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली.

ऑपरेशननंतर ती कुजबुजल्यासारखं बोलायची. गाणं संपलं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, पण बोलायचं कुणी? दोन वर्षं अल्बम तसाच पडून राहिला. मग आमच्या ड्रमरला घोडेगावची पल्लवी भेटली. तिचे वडील म्हशींचे व्यापारी, लहानपणापासून ती त्यांच्याबरोबर बाजारात हिंडलेली. जाडसर, खालच्या पट्टीतला आवाज. संजूताईला न सांगता आम्ही पल्लवीबरोबर सराव सुरू केला, आणि प्रत्येक सरावानंतर मला चोरी केल्यासारखं वाटायचं. शेवटी एका रविवारी मी तिसगावला गेलो. ताई ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी अडखळत सगळं सांगून टाकलं, आणि ती काय म्हणेल या धास्तीनं खाली बघत राहिलो.

“नंदू,” ती म्हणाली, “मला वाटायचं, तुमी माझ्यापायी थांबलाय. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याचंच वज्झं हुतं. उतरलं बघ.” मग तिनं शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली आणि त्या पोरीला रेकॉर्डिंगच्या आधी आपल्याला भेटव म्हणाली.

पण ती स्वतःच रेकॉर्डिंगला आली. नगरमधल्या एका मित्राच्या खोलीत आम्ही माईक लावला होता. पल्लवी ‘कुलपं’ म्हणायला लागली आणि पाचव्यांदाही ते जमेना. सूर चुकत नव्हता, तरी गाणं मेल्यासारखं वाटत होतं. हेडफोन लावून बसलेल्या ताईनं हात वर केला.

“तू माझा आवाज काढतीस,” ती म्हणाली. “तो माझ्याकडंच न्हाई आता, तू कुठून आननार?”

पल्लवी रडवेली झाली. मी कधी ऊसतोडीला गेले नाही ताई, मला हे कळत नाही, म्हणाली. ताईनं तिला शेजारी बसवून घेतलं. ऊसतोडीला निघताना आपली आई काय करायची ते सांगितलं... दाराला कुलूप लावायची, दोनदा ओढून बघायची, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायची. आत चोरीला जाण्यासारखं काही नसायचं. मग बैलगाडीत बसली की घर दिसेनासं होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही.

मग पल्लवी उठली आणि आपल्या खालच्या पट्टीत, घाई न करता गायली. बाजारात लांबच्या माणसाला हाळी द्यावी तसा तिचा आवाज शेवटच्या ओळीला फुटला. गाणं संपलं तेव्हा मला ताईकडे बघवेना. बघितलं तर ती पदरानं डोळे पुसत होती. “आता हे तुजं,” पल्लवीला एवढंच म्हणाली, आणि मग मला चहा सांगायला लावला.

अल्बम आला तेव्हा गाठ परत आली होती. भाऊ सांगतो, रोज सकाळी ती मोबाईलवर ‘कुलपं’ लावायची आणि आल्यागेल्याला ऐकवायची. ही घोडेगावची पोरगी, लई जोरात म्हनती, असं कौतुकानं सांगायची. आपण कधी गात होतो हे मात्र सांगायची नाही. आमच्यात न बोललेलं असं काही राहिलं नव्हतं, आणि मला हायसं वाटतं ते त्याचंच.

राहुरीतल्या आमच्या सरावाच्या खोलीत वर पत्रा आहे. उन्हाळ्यात तिथं बसवत नाही, तरी संजूताई गाताना पंखा लावू द्यायची नाही. माईकमध्ये घरघर येते म्हणायची. गेल्या रविवारी पल्लवीनं विचारलं, पंखा असून आपण घामाघूम का होतो? आम्ही कारण सांगितलं. तिनं उठून पंखा लावला, आम्ही सगळे दहा मिनिटं वाऱ्याला बसलो. मग गायची वेळ झाली तसं तिनंच बटण बंद केलं, आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत माईकसमोर शांत उभी राहिली.