तिसापर्यंतचे आकडे

मिस्त्रीचा पाय कापला तेव्हा सगळी गल्ली इस्त्रीवालीकडे बघून हळहळली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हातांआड ती रडत होती की आणखी काही, हे वाकून बघायला कुणी गेलं नाही. ते बरंच झालं.

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. भिंत बांधायला घेतली की ओळंबा लावायची गरज नाही, असा त्याचा हात. हात कामाचे म्हणून तो जपायचा. "बायकोवर मी आजवर हात टाकलेला नाही," असं तो चारचौघांत सांगायचा आणि ते शंभर टक्के खरं होतं. तो लाथ मारायचा. एकोणीस वर्षं. भाकरी करपली तर एक, गिऱ्हाईक हसून बोललं तर दोन, आणि कामावर मुकादम बोलला तर मोजदाद नाही. मग एक दिवस पायाच्या अंगठ्यावर फरशी पडली. रक्तात साखर, त्यात दुखण्याकडे दुर्लक्ष. अंगठा काळा पडला, तो काळेपणा वर चढत गेला आणि डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याच्या चार बोटं खाली उडवला.

शेजारीण म्हणाली, "देवाने बरोबर तोच पाय नेला बघ."

"डावा आहे की अजून," दुसरी म्हणाली.

इस्त्रीवालीचा विचार झालेला होता. लाथ मारायला दोन पाय लागतात. एक मारायला आणि एक उभं राहायला. आता फक्त मिस्त्रीला नकली पाय बसायला नको होता. एवढं एकच तिला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तिने देवाला त्रास दिला नाही. ती स्वतःच कामाला लागली.

उपाय तिला पहिल्याच दिवशी फुकटात मिळाला. दवाखान्याच्या मागच्या लांबट खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी पाय गेलेल्यांचा व्यायाम चाले. खाली सहा सतरंज्या, भिंतीला आरसा, मधे धरून चालायचे दोन समांतर दांडे. शिकवणाऱ्या बाई बुटक्या आणि आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी घरच्यांना बाकावर बसवलं आणि सांगितलं, "गुडघ्याखाली उशी घेऊन पडायचं नाही. बरं वाटतं, पण आतल्या शिरा आखडतात. गुडघा वाकडाच राहतो, आणि वाकड्या गुडघ्याला पाय बसत नाही. घरची माणसं मायेने उशी देतात. असली माया करू नका."

बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. इस्त्रीवालीने जरा जास्तच डोलावली.

घरी गेल्या गेल्या तिने उशी दिली. शेवरीची, मऊ. मिस्त्रीने "हां" करून डोळे मिटले.

"बाई नको म्हणाल्यात पण," ती म्हणाली. म्हणायला पाहिजे म्हणून.

"त्या बाईला काय कळतंय? दुखतंय मला का तिला? आणखी एक दे."

पडत्या फळाची आज्ञा. तिने आणखी एक दिली. गल्लीतल्या बायका डोकावून बघायच्या आणि आपापल्या सुनांना सांगायच्या, सेवा करावी तर अशी.

व्यायामाला मिस्त्री जायचा, पण करायचा काही नाही. बाकीचे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचे, पालथे पडून पाय उचलायचे. हा छताकडे बघत पडायचा आणि छताचा गिलावा कसा कच्चा आहे ते सांगायचा. शेजारच्या सतरंजीवर बसचा एक ड्रायव्हर असायचा. त्याचाही एक पाय गेलेला, जीभ मात्र दुप्पट झालेली.

"मिस्त्री, छत पडलं तर तुम्हीच आधी मराल, एवढं बघताय म्हणून सांगतो. पाय उचला."

"तू तुझं बघ."

"माझं बघायला अर्धंच राहिलंय, लवकर उरकतं. मग वेळ उरतो."

दर मंगळवारी बाई दोन पात्यांची प्लास्टिकची पट्टी लावून गुडघा मोजायच्या. दहा अंश वाकडा. मग सोळा. मग बावीस.

"उशी घेता का?"

"छे," मिस्त्री म्हणायचा.

"ताई, उशी देता का?"

"नाही हो बाई," इस्त्रीवाली म्हणायची. निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री उचलणारी बाई ती. तिला एवढं खोटं उचलायला जड नव्हतं.

दीड महिन्याने नकली पाय बनवणारा कारागीर माप घ्यायला आला. त्याने गुडघा दाबून पाहिला, सोडून दिला, हात पुसले. "हा अठ्ठावीस अंशात आहे. याला बसवला तर माणूस पायासकट तोंडावर पडेल. सरळ करून आणा, नाहीतर नाद सोडा."

इस्त्रीवाली जिंकली. पण बाई हरणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मिस्त्रीला सतरंजीवर उताणा पाडला आणि तिलाच जवळ बोलावलं.

"ताई, तुमच्या हातात जोर आहे. एक हात गुडघ्याच्या वर, एक खाली. हळू दाबायचं आणि तीस आकडे मोजेपर्यंत सोडायचं नाही. दिवसातून चार वेळा. तो ओरडेल. ओरडू दे."

तिने हात ठेवले. दाबलं.

मिस्त्री असा ओरडला की बाकीच्या पाचही सतरंज्यांवरची माणसं उठून बसली. "सोड! अगं सोड, मरतो मी! पाया पडतो तुझ्या!"

हे वाक्य तिने एकोणीस वर्षांत शेकडो वेळा म्हटलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते कसं लागतं हे तिला माहीत नव्हतं. ते गोड लागलं. तिने सावकाश मोजलं, एकेक आकडा घडीवर इस्त्री फिरवावी तसा.

"वहिनी," ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्या तिसात आमची बस पुढच्या गावाला जाऊन परत यायची."

घरी तर ऐकायलाच नको. चारचे सहा वेळा झाले. अकरा-बारापर्यंत मोजून ती दारातल्या गिऱ्हाइकाशी कपड्यांचं बोलायची, हात मात्र जागचे हलायचे नाहीत. मग वळून विचारायची, "कितीवर होते मी? जाऊ दे, पहिल्यापासून धरते." मिस्त्री उशी दाताखाली धरायचा. तिचा बेत चोख होता. दिवसा दाबायचं आणि वरून उशी द्यायची. दाबलेलं पुन्हा वाकेल, वाकलेलं पुन्हा दाबता येईल. जन्माची सोय.

चुकलं ते इथे. एवढा दाब बसल्यावर मिस्त्रीने उशी भिरकावून दिली. गुडघा जितका लवकर सरळ होईल तितक्या लवकर हिचे हात सुटतील, हा हिशेब भीतीने त्याला शिकवला. तो पालथा झोपू लागला. व्यायामाला पहिला हजर, टॉवेल दाबण्यात पहिला, पाय उचलण्यात पहिला. घाम गाळत, दात खात. बावीस अंश. चौदा. सहा. तिला कळत होतं, पण हात थांबत नव्हते. लागलेली गोडी सुटत नाही ती नाहीच.

चार अंशांवर कारागिराने माप घेतलं, आणि एका शुक्रवारी मिस्त्री नवा पाय घालून दांड्यांमधून चालला. आठ पावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "टाळ्या ताईंना वाजवा. यांच्या हातांनी चालवलंय त्यांना." इस्त्रीवाली टाळ्या घेत उभी राहिली. जत्रेसाठी नटवलेल्या बोकडासारखी.

दांड्यांच्या टोकाला ती कुबड्या घेऊन उभी होती. मिस्त्री तिच्याजवळ आला, हसऱ्या तोंडाने वाकला आणि तिच्या कानात म्हणाला, "घरी चल. आता मी मोजतो."

निघताना बाईंनी बजावलं, "सुरुवातीला वीसच मिनिटं घालायचा. मग काढून कातडी बघायची. दर चार दिवसांनी दहा मिनिटं वाढवायची."

कुबड्यांवर तो घरी आला. खाटेवर टेकला. डावा पाय त्याने एकदा हवेत झटकून पाहिला, नुसताच, आणि तिच्याकडे बघितलं. पण नव्या पायात कातडी तापली होती. पट्टे सोडून त्याने पाय काढला. कापल्या जागी लाल चट्टा उठला होता.

"धर हा. भिंतीला लावून ठेव."

तिने पाय घेतला. बराच जड होता, पण इस्त्रीएवढा नाही. स्टुलावर चढून तिने तो माळ्यावर टाकला, आत, जुन्या घमेल्यांच्या मागे.

"ए! खाली काढ तो."

"उद्या देते. वीस मिनिटं."

त्याने शिव्या दिल्या. त्या संपल्या तेव्हा तो वर बघू लागला. आधी माळा बघितला, मग खाट, मग स्टूल. गवंड्याची नजर ती. कशावर काय रचलं की कुठवर हात पोचतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. आज वीस मिनिटं, चार दिवसांनी तीस. सहा-सात महिन्यांत पाय दिवसभर अंगावर राहणार होता, हा हिशेब त्याचाही झाला होता आणि तिचाही.

तिने स्टूल उचललं आणि बाहेर नेऊन कपड्यांच्या टेबलापाशी ठेवलं. दोन्ही कुबड्याही नेल्या. इस्त्रीत कोळसे भरले, फुंकर घातली, आणि निखारे फुलेपर्यंत दाराकडे तोंड करून त्याच स्टुलावर बसली.